जडत्वाचा प्रश्न आणि डॉ. जयंत नारळीकर

प्रास्ताविक

न्यूटन म्हटले की गुरुत्वाकर्षण, आइन्स्टाइन म्हटले की सापेक्षता, अशा जोड्या आपल्या मनात पक्क्या असतात. डॉ. जयंत नारळीकर मात्र मराठी वाचकाला प्रामुख्याने विज्ञानकथाकार म्हणून परिचित आहेत. भौतिकशास्त्रात त्यांचे नाव कशासाठी घेतले जाते, हे या लेखात पाहू.

जडत्व कोठून येते?

गोंदिया स्थानकावरून गाडी झटक्याने सुटली, की डब्यात उभा असलेला प्रवासी मागे झुकतो. स्थितीतील बदलाला विरोध करण्याच्या या गुणधर्मास जडत्व म्हणतात. वस्तुमान हे त्याचे माप होय. न्यूटनने जडत्व हा वस्तूचा अंगभूत गुण मानला. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी शंका उपस्थित केली : विश्वात दुसरे काहीच नसेल, तर एकट्या वस्तूच्या जडत्वाला काय अर्थ उरेल? जडत्वाचा संबंध दूरच्या ताऱ्यांशी असावा, असे त्यांचे मत होते.

या विचाराला गणिती रूप देण्याचा प्रयत्न केंब्रिज येथे फ्रेड हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी नारळीकर यांनी केला. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. १९६४ साली मांडलेल्या ‘हॉइल-नारळीकर सिद्धान्ता’नुसार कणाचे वस्तुमान त्याचे एकट्याचे नसते, विश्वातील इतर सर्व कणांच्या प्रभावातून ते निर्माण होते. म्हणजेच, त्या प्रवाशाच्या मागे झुकण्यात अतिदूरच्या दीर्घिकांचाही वाटा असतो.

बहुमत आणि कसोटी

विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असताना नवे द्रव्य निर्माण होऊन त्याची घनता कायम राहते, या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचेही दोघे पुरस्कर्ते होते. १९६५ साली पेन्झियस व विल्सन यांचा वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने झुकले. तरीही नारळीकरांनी पर्यायाचा शोध सोडला नाही. १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला. तोही बहुमान्य झाला नाही.

मग हे श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येत नाही. महास्फोट नाकारला, तर कार्बन, लोह यांसारखी मूलद्रव्ये कोठे घडली, हे सांगणे हॉइल यांना भाग होते. त्या शोधातूनच ती ताऱ्यांच्या गर्भात घडतात, हे स्पष्ट झाले आणि ते आज सर्वमान्य आहे. प्रतिस्पर्धी सिद्धान्त असला, की रूढ सिद्धान्तालाही पुरावा द्यावा लागतो.

नावापलीकडचे मूल्य

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने योजली होती. कथेचा निर्णय कथेवरूनच व्हावा, नावावरून नव्हे, हा त्यामागील हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मांडणाऱ्याचे नाव वा पाठीराख्यांची संख्या न पाहता मांडलेले पारखावे, ही भूमिका त्यांच्या विज्ञानात आणि साहित्यात एकच आहे.

स्वाध्याय

१. न्यूटन आणि माख यांच्या जडत्वविषयक विचारांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘बहुमान्य न झालेला सिद्धान्तही ज्ञानात भर घालतो.’ सोदाहरण चर्चा करा.