गिअरची सायकल एका गिअरवर आणताना

केडगावात (दौंडजवळचं नव्हे, नगरचं केडगाव) अनेक घरांच्या जिन्याखाली एक रेंजर सायकल धूळ खात असते. मुलगा शाळेत असताना हौसेनं घेतलेली, जाड टायरची, एकवीस गिअरची. फ्रेम ठणठणीत असते, चाकंही बरी असतात, बिघडलेले असतात ते फक्त गिअर. केबल गंजलेली, हँडलवरचा शिफ्टर तुटलेला, आणि डिरेलर, म्हणजे चेनला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा हात, वाकलेला. दुरुस्तीचा खर्च ऐकला की सायकल भंगारात द्यावीशी वाटते.

तसं करण्याआधी तिचे गिअर काढून ती एकाच गिअरवर आणता येते का, ते आपण पाहू. यात नवीन काही नाही. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत डोंगर उतरायचा खेळ सुरू झाला, तो जुन्या, वजनदार, एकाच गिअरच्या सायकलींवर. आपल्याकडे दूधवाल्याची काळी सायकल तर कायमच एका गिअरची. केडगावहून शहरात जाताना किनेटिक चौक लागतो. त्या किनेटिकची नगरला बनणारी लुनाही बिनगिअरचीच होती.

खरा फायदा सुट्या भागांचा आहे. गिअरचे भाग शोधत हिंडावं लागतं. एकेरी फ्रीव्हील (म्हणजे मागची एकच चक्री) आणि जाड चेन मात्र काळ्या सायकलीचीच असते आणि ती कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळते. दोन्ही मिळून खर्च साधारण 400–500 रुपयांच्या आसपास येतो. पण विकत काही घेण्याआधी सायकल उलटी करून तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच. ती आडवी किंवा तिरकी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ खाली उघडणारी असेल तर चाक मागेपुढे सरकत नाही, आणि चेन ताणायला वेगळी सोय करावी लागते.

दुसरी, मागचा चक्र्यांचा गड्डा. स्वस्त सायकलींत तो हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, आणि काळ्या सायकलीचं फ्रीव्हील त्याच आट्यांवर बसतं. महागड्या सायकलींत चक्र्या एका खाचेदार ड्रमवर सरकवलेल्या असतात. तिथे एकच चक्री ठेवून उरलेली जागा पीव्हीसी पाइपाच्या कापलेल्या कड्यांनी भरतात. ड्रम सुमारे 35 मिमी व्यासाचा असतो, त्यामुळे त्यावर जेमतेम सरकेल असा पाइप शोधायचा.

तिसरी, मागचा ब्रेक. तो रिमवर लागत असेल तर वाट मोकळी आहे. डिस्क ब्रेक असेल तर हब जागचं हलवता येत नाही. ते का, ते पुढे येईलच.

खाच सरळ असेल किंवा डिस्क ब्रेक असेल, तर बिनखर्चाचा मार्ग धरा. चक्र्या तशाच राहू द्या आणि मागचा डिरेलरही ठेवा, फक्त तो एका जागी अडकवून टाका. त्याच्यावर दोन बारीक स्क्रू असतात. ते त्याची आतली आणि बाहेरची हद्द ठरवतात. स्क्रू आवळून डिरेलर मधल्या एका चक्रीच्या रेषेत आणा. स्क्रू तेवढा पुरला नाही तर जुन्या गिअरकेबलचा वीतभर तुकडा डोक्याकडून डिरेलरच्या नळीत अडकवून हवा तितका ओढा आणि नटाखाली घट्ट धरा. डिरेलरचा दांडा आता फक्त चेन ताणून धरायचं काम करील. मात्र डिरेलर धडपणे सरळ असायला हवा. वाकलेला असेल तर तो आऱ्यांत अडकून चाकासकट सगळं मोडू शकतो.

खाच आडवी किंवा तिरकी असेल आणि ब्रेक रिमचे असतील तर पूर्ण काम करा. आधी केबल, पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिरेलर आणि शिफ्टर काढा. काही स्वस्त सायकलींत शिफ्टर आणि ब्रेकचा दांडा एकाच तुकड्यात असतात. तसं असेल तर ते राहू द्या आणि फक्त गिअरची केबल काढा. चेन तोडायला चेन-कटर लागतो. छिन्नी-हातोडीने चेन वाकते. पायडल काढायचं असेल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून सुटत नाही म्हणून आणखी जोर लावत बसतो, आणि पायडल उलट घट्टच होत जातं.

आता जुनं फ्रीव्हील, म्हणजे आट्यांवरचा चक्र्यांचा गड्डा, काढायचं. पायडल मारताना ते दर फेरीला आवळलं गेलेलं असतं, म्हणून हातच्या पान्यानं हटणार नाही. त्याच्या खाचांत बसणारा ओपनर लागतो, आणि ओपनरही फ्रीव्हीलप्रमाणे वेगवेगळे असतात. ओपनर बसवून वरून एक्सलचा नट हलका लावा, म्हणजे तो निसटून खाचा झिजवणार नाही. मग ओपनर फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या व्हाइसमध्ये पकडून अख्खं चाक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. पहिला 'कट्' आवाज आला की थांबा, नट काढा आणि बाकीचं हातानं सोडवा. नट तसाच ठेवून फिरवत राहिलं तर एक्सलचे आटे मरतात.

नवीन फ्रीव्हील लावण्याआधी आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हबवर ते तिरकं चढलं तर हबच बदलावं लागतं. घाई इथेच महागात पडते.

दाते किती घ्यायचे? स्वस्त रेंजरला पुढे बहुधा 42, 34 आणि 24 दात्यांच्या तीन चक्र्या एकत्र रिव्हेट केलेल्या असतात. त्या सुट्या होत नाहीत, होऊ द्यायचीही गरज नाही. मधल्या 34 वर चेन चढवा. बाहेरची मोठी चक्री पँटचं रक्षण करील. मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील सहज मिळतं. 26 इंची चाकाचा घेर सुमारे 2.05 मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 3.9 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग तासाला 14 किमीच्या आसपास आणि 80 मारले तर साडेअठरा. बाजारहाट, शाळा आणि मातीच्या रस्त्यांना हे पुरतं. 42 वर चेन टाकली तर सपाटीवर बरं वाटतं, पण चढावर उभं राहून पायडल मारावं लागतं.

आता सगळ्यात जास्त बिघडतं ती गोष्ट: चेनची रेषा. चेन पुढून मागे अगदी सरळ जायला हवी. एकेरी फ्रीव्हील जुन्या गड्ड्याच्या आतल्या बाजूला, आऱ्यांजवळ बसतं, त्यामुळे पुढची मधली चक्री त्याच्या काही मिलिमीटर बाहेर राहते. पुढच्या चक्रीच्या दात्यांना सरळ पट्टी टेकवून मागे बघा, फरक डोळ्यांना दिसेल. तो तसाच सोडला तर चेन करकरते, दाते एका बाजूनं झिजतात आणि खड्ड्यात चेन नेमकी उतरते.

उपाय असा. एक्सलच्या उजव्या बाजूचे काही वॉशर डावीकडे घालायचे, म्हणजे हब उजवीकडे सरकतं. एकूण लांबी तीच ठेवायची, नाहीतर चाक फ्रेममध्ये बसणार नाही. हबबरोबर रिमही उजवीकडे जाते, ती डावीकडचे आरे आवळून आणि उजवीकडचे सैल करून पुन्हा मध्ये आणायची. हे चाकाचा आऊट काढणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पैसे वाजवी लागतात. यात एक फायदाही आहे. गिअरच्या चाकात उजवे आरे जास्त ताणलेले असतात. आता दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ सारखा होतो आणि चाक मजबूत होतं. डिस्क ब्रेकवाल्यांना हे का जमत नाही, ते आता कळलं असेल: हब सरकलं की डिस्कही सरकते आणि ब्रेकच्या पॅडमधून बाहेर जाते.

चेन जाडच घ्या. गिअरची अरुंद चेन काळ्या सायकलीच्या फ्रीव्हीलवर नीट बसत नाही. जाड चेन मात्र पुढच्या बारीक दात्यांवर चालते, थोडा आवाज करते इतकंच. चेन एका इंचाच्या टप्प्यांतच कमी होते, आणि एक इंच कमी केली की एक्सल सुमारे अर्धा इंच पुढे येतो. खाचेत तेवढी जागा नसेल तर फ्रीव्हीलचे दाते बदला. एका दात्यामागे एक्सल साधारण 3 मिमी सरकतो.

चेन किती ताणायची? मधोमध बोटानं दाबल्यावर वरखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलायला हवी. आधी क्रँकचा पूर्ण फेरा फिरवून बघा. चक्री बहुधा नेमकी गोल नसते, म्हणून एका जागी चेन जास्त ताठ होते. त्या जागी हे माप ठरवा. जास्त ताणली तर छर्रे लवकर जातात.

आणखी एक. चढावर जोर लावला की चेन एक्सलची उजवी बाजू पुढे ओढते आणि चाक तिरकं होतं. काळ्या सायकलीला चेन ताणायचे जे अ‍ॅडजस्टर असतात, त्यांची एक जोडी लावून घ्या.

चाक काढून पुन्हा बसवलं आहे म्हणून ब्रेकचे पॅड पुन्हा जुळवा. पॅड टायरला घासता कामा नये. मग सपाट रस्त्यावर दोन-चार दिवस चालवा आणि सगळे नट परत आवळा. नवीन चेन थोडी सैल होते, ती ओढून घ्या. टायर जुना असेल तर आत पट्टी टाका, कारण वेड्या बाभळीचे काटे एक गिअर की एकवीस हे बघत नाहीत. त्यानंतर हवं तर पाथर्डी रस्त्यानं चांदबीबी महालापर्यंत जाऊन या. शहरापासून तो सुमारे 13 किमीवर आहे, आणि शेवटच्या चढावर आपण दाते बरोबर निवडले की नाही ते लगेच कळेल.

शेवटी एक सांगायला हवं. ज्यांना रोज पुणे रस्त्यानं कामरगावकडचा चढ चढायचा आहे, कॅरिअरवर ओझं न्यायचं आहे किंवा ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी या भानगडीत पडू नये. तेच पैसे नव्या डिरेलरवर घालावेत.