जिन्यातला दिवा आणि अंगची ऊब

खाली दिवा लावायचा, वर पोचल्यावर मालवायचा, उतरताना पुन्हा वरूनच लावायचा. जिन्यातल्या दिव्याची ही सोय दोन टू-वे स्विच आणि त्यांच्यामधल्या दोन तारा वर्षानुवर्षं बिनतक्रार करत आल्या आहेत. वायरमनचं काम शिकणाऱ्याला ‘स्टेअरकेस वायरिंग’ आजही शिकावं लागतं. अडचण एकच, हात स्विचपर्यंत पोचावा लागतो. कडेवर झोपलेलं मूल असलं किंवा दोन्ही हातांत वाळवणाची ताटं असली की अंधारात चाचपडणं आलं, आणि पाय घसरतो तो बहुधा त्याच वेळी.

म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेखाली एलईडीची पट्टी लावायची आणि माणसाची चाहूल लागली की जिना आपोआप उजळेल अशी व्यवस्था घरीच करायची, हा उद्योग मला फार मोलाचा वाटतो. सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं. हौशी मंडळी सगळा जीव प्रोग्रॅममध्ये ओततात. पण जिना नीट चालणार की नाही हे मुख्यतः सेन्सर कुठे बसवला यावर ठरतं.

आपल्या शरीरातून सतत उष्णता बाहेर पडत असते; स्वस्थ बसलेल्या माणसाची साधारण १०० वॉट. तिचा मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपात निघतो आणि ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास तो सर्वांत प्रबळ असतो. बाजारात सर्रास मिळणारा एचसी-एसआर ५०१ हा पीआयआर सेन्सर याच किरणांवर चालतो. दुधी रंगाच्या घुमटाखाली एक छोटी धातूची डबी असते आणि तिच्यात शेजारी-शेजारी दोन संवेदक पट्ट्या, एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या. सगळी खोलीच तापली तर दोन्ही पट्ट्या सारख्याच तापतात, त्यांचे संकेत एकमेकांना छेद देतात आणि काहीच घडत नाही. माणूस आडवा गेला की त्याची ऊब आधी एका पट्टीवर पडते, मग दुसरीवर, आणि या फरकातून संकेत उमटतो. म्हणजे सेन्सरला कळते ती सरकणारी ऊब. कोणी पायरीवर निश्चल बसून राहिलं तर त्याच्या लेखी तिथे कोणीच नाही.

यातूनच जागा ठरते. जिन्याच्या टोकाला, येणाऱ्याकडे तोंड करून लावलेला सेन्सर उशिरा जागा होतो, कारण सरळ चालत येणारा माणूस बराच वेळ सेन्सरच्या नजरेच्या एकाच पट्ट्यात राहतो. तोच बाजूच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर लावला की पहिल्या पायरीकडे जाणारा प्रत्येक पाय त्याच्यासमोरून आडवा जातो. असे दोन सेन्सर हवेत, एक खाली आणि एक वर. आधी कोणता जागा झाला यावरून दिवे चढत्या क्रमाने लावायचे की उतरत्या, हे प्रोग्रॅमला कळतं. हॉलमधली वर्दळ टिपली जात असेल तर घुमटाचा तेवढा भाग काळ्या चिकटपट्टीने झाका. मात्र शोभेसाठी सेन्सर काचेआड लपवू नका. काच आपल्याला पारदर्शक, पण या किरणांसाठी ती भिंतच. घुमट प्लॅस्टिकचा, पॉलिथिनचा असतो तो याचसाठी.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. मे महिन्यात गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या भिंती सूर्य मावळल्यावरही तितक्याच तापलेल्या राहिल्या, तर माणूस आणि भिंत यांतला फरकच उरत नाही आणि सेन्सरचा पल्ला आखडतो. अशा ठिकाणी पहिल्या पायरीवर अवरक्त किरणाचा आडवा झोत सोडावा, पायाने तो तुटला की दिवा. त्याला कोणाच्या अंगच्या उबेशी देणंघेणं नसतं.

आता विजेचा हिशेब. १२ पायऱ्या, प्रत्येकी पाऊण मीटर पट्टी, म्हणजे ९ मीटर. मीटरला ४.८ वॉटची साधी १२ व्होल्ट पट्टी घेतली तर सगळं मिळून ४३ वॉट, सुमारे ३.६ अँपिअर. ५ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर पुरतो. एका पायरीला ०.३ अँपिअर लागतात, तर प्रोग्रॅम चालवणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डाच्या एका पिनकडून ०.०२ अँपिअरच्या वर मागू नये. म्हणून मध्ये मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, हवाच. दिवे हळूहळू उजळायचे असतील तर अडचण येते. त्यासाठी लागणाऱ्या पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पिना उनोवर सहाच. पीसीए ९६८५ ही चिप १६ वाटा देते, पण तिच्याही पुढे मॉस्फेट लागतातच.

उजळण्यात एक गंमत आहे. निम्म्या विजेवरचा दिवा डोळ्यांना निम्मा दिसत नाही, जवळजवळ पाऊण वाटतो. प्रकाश सारख्या टप्प्यांनी वाढवला तर सुरुवातीला झटका बसतो आणि शेवटी काही बदललं असं वाटतच नाही. टप्पे आधी बारीक, मग मोठे ठेवले की चढण सहज वाटते. मध्यरात्री एकूण प्रकाशही कमीच ठेवा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागू शकतो, आणि पांढऱ्याशुभ्र झोताने ते सरावणं क्षणात जातं. पिवळसर, मंद आणि पायरीची कडा उठून दिसेल एवढाच प्रकाश पुरे.

दिवसा दिवे लागू नयेत म्हणून उजेड ओळखणारा एलडीआर लावतात. तो पट्टीच्या उजेडात आला तर दिवा लागताच ‘उजाडलं’ समजतो, दिवा मालवतो, अंधार पडला म्हणून पुन्हा लावतो. त्याला पाठमोरा बसवा, किंवा दिवे बंद असतानाच त्याचं माप घ्या.

२३० व्होल्टची जोडणी अ‍ॅडॉप्टरपाशीच थांबू द्या. जिन्यावर १२ व्होल्टपेक्षा जास्त काही नेऊ नका. आणि जुने टू-वे स्विच काढू नका. अ‍ॅडॉप्टर जळाला किंवा सेन्सर बिघडला तर त्या रात्री जिना त्यांच्याच भरवशावर असतो.