ऊसतोड कुटुंबांतील बालके आणि कल्याणयोजनांची रचना : जालना जिल्ह्याचा संदर्भ

कल्याणयोजनेच्या कोणत्याही अर्जात पहिला रकाना नावाचा असतो आणि दुसरा पत्त्याचा. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत हा दुसरा रकाना दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास निरुपयोगी ठरतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील ऊसतोड कुटुंबे त्या वेळी गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपूर्वी परतत नाहीत. या काळात त्यांची मुले कोणत्या शाळेची, कोणत्या अंगणवाडीची आणि कोणत्या आरोग्य केंद्राची, हे निश्चितपणे सांगता येत नाही. बालकांविषयीच्या धोरणाची चर्चा बहुधा निधीच्या प्रमाणाभोवती फिरते. येथे मात्र निधी असूनही तो बालकापर्यंत पोहोचत नाही, कारण निधी गावी राहतो आणि बालक फडावर असते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, जायकवाडीचा डावा कालवा याच पट्ट्यातून जातो, आणि अंकुशनगर व तीर्थपुरी येथे साखर कारखाने आहेत. असे असता याच तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडण्यास जातात, ही विसंगती वरवरचीच होय. कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतास लाभले ते ऊस लावतात. ज्यांना लाभले नाही त्यांचे खरिपाचे पीक निघाल्यावर हातास काम उरत नाही, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी त्यांना निघावेच लागते.

या व्यवसायाचे एकक व्यक्ती नसून जोडपे आहे. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ होतो. एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. उचल ठरते ती कोयत्यावर, आणि एखादा दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरून रक्कम कापली जाते. आजारी मुलाजवळ एक दिवस बसणाऱ्या आईचा त्या दिवसाचा हिशेब असा मुकादमाच्या वहीत मांडला जातो.

बालविवाहाच्या प्रश्नाची एक बाजू याच वहीत सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. जालना जिल्ह्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. २००६ चा प्रतिबंधक कायदा विवाहसोहळ्यास अपराध मानतो. परंतु वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही आईबापांची भीती आणि अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होण्याचे प्रलोभन, या दोहोंना त्या कायद्याचा स्पर्श होत नाही. मुलींचे वसतिगृह ही म्हणूनच केवळ शैक्षणिक सोय मानणे चुकीचे ठरेल.

शालेय वयाच्या मुलांसाठी काही उपाय झाले आहेत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविण्याचा प्रयोग स्वयंसेवी संस्थांनी केला. पुढे मूळ गावातील शाळेस जोडून हंगामी वसतिगृहाची पद्धत रूढ झाली. दुसरी पद्धत अधिक युक्त, कारण तीत मुलाची शाळा बदलत नाही. तथापि तिचे यश हंगाम सुरू होण्यापूर्वी मंजुरी मिळण्यावर अवलंबून असते. टोळी निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह रिकामेच राहणार. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या दहा तालुक्यांत अंबड व घनसावंगी यांचा समावेश होता आणि प्रत्येक तालुक्यात मुलांसाठी एक व मुलींसाठी एक वसतिगृह असावे असे ठरले.

सहा वर्षांखालील बालकाची स्थिती याहून कठीण आहे. त्याला वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबरच जाते. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवेत वर्षाकाठी तीनशे दिवस पूरक आहार अपेक्षित आहे. पण त्यांतील जवळजवळ अर्धे दिवस हे बालक उसाच्या सरीत किंवा कोपीत काढते. २०२१ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली राज्यातील ज्या निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत जालना होता. हा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र बालक कोठे आहे हे कळणे आणि तेथे त्याला सांभाळणारे कोणी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कामाच्या जागी पाळणाघर ही कल्पना भारतीय कायद्यास नवीन नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर, आणि १९५१ च्या मळेकामगार अधिनियमाने चहा-कॉफीच्या मोठ्या मळ्यांवर तसे बंधन घातले होते. ऊसतोड स्त्री या दोहोंतून निसटली. ती कारखान्याच्या फाटकाबाहेर, दुसऱ्याच्या शेतात काम करते, आणि तिला आणणारा मुकादम असतो, कारखाना नव्हे. २०२० च्या संहितेतील पन्नास कामगारांची अटही दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीस लागू पडणे अवघड. याउलट २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात एक साधी तरतूद होती : कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. तात्पुरत्या, सरकत्या कामासाठी केलेली ती तरतूद होती. ऊसतोडीचे कामही तसेच असते.

तीच पद्धत येथे लागू करण्यास अडचण दिसत नाही. ‘गाडी सेंटर’वरील कुटुंबे हंगामभर कारखान्याजवळ राहतात, तेथे जवळच्या अंगणवाडीची शाखा उघडता येईल. ‘डोकी सेंटर’च्या टोळ्या एका गावाहून दुसऱ्या गावी सरकतात, तेथे टोळीतीलच एका स्त्रीची अर्ध्या कोयत्याची मजुरी भरून तिच्याकडे मुले सोपविणे हाच व्यवहार्य मार्ग. पैशाचा प्रश्नही अंशतः सुटलेला आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन दहा रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यामागे ही रक्कम दोन्ही मिळून एक कोटी रुपये होते. उरतो तो जबाबदारीचा प्रश्न. प्रत्येक कारखान्यास हंगामापूर्वी पुण्यातील साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. तोडणी-टोळ्यांतील सहा वर्षांखालील मुलांची गणना आणि त्यांच्या सांभाळाची व्यवस्था या दोन बाबी त्या परवान्याच्या अटींत समाविष्ट करता येण्यासारख्या आहेत.