काळ्या रानाचा चिखल आणि गाडीचे टायर

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की घरात चार बैठका होतात. किती अश्वशक्तीचा घ्यावा, हप्ता किती बसेल, पाहुण्यांकडे कोणता आहे, सगळी विचारपूस होते. टायर बदलायची वेळ आली की मात्र घरातला एक जण मोटारसायकलवर बसून तालुक्याला जातो, त्यातल्या त्यात स्वस्त जोड पाहतो आणि दिवस मावळायच्या आत बसवून आणतो. मागच्या चाकांच्या नव्या जोडाला एखाद्या चांगल्या कालवडीइतके पैसे मोजावे लागतात. कालवड घेताना आपण तिची आई किती दूध देत होती तेही विचारतो. टायरला मात्र एकच प्रश्न, केवढ्याला?

भूम तालुक्यात हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. आपल्याकडे दुधावर आणि खव्यावर कितीतरी घरांचा रोजचा बाजार चालतो. सकाळचे दूध वेळेत डेअरीवर किंवा भट्टीवर पोहोचले नाही तर त्या दिवसाची कमाई गेली. पाऊस लागून राहिला, वस्तीवरची गाडी पाणंदीत रुतली आणि घरात बाळंतीण अडली असेल, तर दुधाचा विचारही मागे पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात अतिवृष्टी झाली. वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंतचे एक किलोमीटर अंतर किती लांब असते, हे तेव्हा अनेकांनी अनुभवले.

आधी आपली जमीन पाहू. बालाघाटाच्या माळावर पातळ, मुरमाड रान. बाणगंगेच्या आणि ओढ्यांच्या काठाला खोल काळी. एकाच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सकाळी मुरमावरून निघतो, दुपारी काळ्या रानात उतरतो आणि संध्याकाळी डांबरीवरून बाजाराला जातो. मुरमावर पाणी पडले तरी चाकाला पकड मिळते. काळीचे तसे नाही. तिच्यात चिकण मातीचा अंश पुष्कळ असतो. पाणी पिऊन ती फुगते आणि चाकाला लोण्याच्या गोळ्यासारखी लपेटते. पावसात रानातून चालताना चपलेखाली मातीचा थर चढत जातो आणि शेवटी चप्पल हातात घ्यावी लागते. टायरचे नेमके तेच होते. टायरवरच्या उंच पट्ट्यांमधल्या खाचा मातीने भरल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरासारखाच वागतो. म्हणून काळ्या रानासाठी टायर पाहताना तो माती किती धरतो यापेक्षा किती टाकून देतो, हे पाहायचे असते.

थंड देशांत याच्या उलट आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचते. तिथल्या हिवाळी टायरवर बारीक बारीक चिरा असतात आणि त्या मुद्दाम बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला बर्फाची पकड चांगली मिळते. त्यांचे रबरही थंडीत कडक न होणारे असते. तोच टायर आपल्या उन्हाळ्यात डांबरीवर चालवला तर लवकर झिजेल आणि चिखलात त्याच्या चिरा पहिल्या दहा पावलांत लिंपल्या जातील. हे सांगण्याचे कारण असे की जीप किंवा मोठ्या मोटारीच्या काही टायरांच्या बाजूवर इंग्रजीत ‘एम प्लस एस’ अशी खूण असते. तिचा अर्थ चिखल आणि बर्फ. दुकानदार ही खूण दाखवून जादा पैसे सांगतो. ती नक्षीच्या ठेवणीवरून कंपनीनेच घातलेली असते, परीक्षा घेऊन दिलेली नसते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाच्या रस्त्यासाठी नुसती ही खूण पुरत नाही. डोंगर आणि त्यात हिमकण असे चित्र असलेला, परीक्षेत उतरलेला टायरच लागतो. आपल्या गावचे कोणी तिकडे नोकरीला असेल तर त्याला हे ठाऊक असेल. आपण खुणेपेक्षा खाचा पाहाव्यात. खाचा रुंद, खोल आणि कडेला उघड्या असल्या म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते.

आता ट्रॅक्टरकडे वळू. मागच्या टायरच्या बाजूवर ‘आर-१’ किंवा ‘आर-२’ असे लिहिलेले असते. आर-१ हा सर्वसाधारण शेतीचा टायर. आर-२ च्या पट्ट्या जवळजवळ दुप्पट उंच असतात आणि तो भाताच्या चिखलणीसाठी आहे. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे तो योग्य. आपल्याकडे सोयाबीन, उडीद, तूर, ज्वारीचे रान आणि वरून ट्रॉलीची वाहतूक, तेव्हा आर-२ घेतला तर डांबरीवर त्याच्या पट्ट्या पाहता पाहता झिजतात. उंच पट्टी म्हणजे जादा पकड, एवढ्यावरच जाऊन कोणी तो घेऊ नये. आपल्याला आर-१ च घ्यावा आणि त्यातही पट्ट्यांमध्ये अंतर जास्त असलेला पाहावा.

टायर बसवताना एक गोष्ट डोळ्यांनी तपासावी, कारण घाईत कारागीरही चुकतो. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर समोर दिसणाऱ्या पट्ट्यांची मधली टोके वर आकाशाकडे असली पाहिजेत. अशा वेळी पट्टीचे मधले टोक आधी जमिनीला लागते आणि माती दोन्ही कडांकडे ढकलली जाते. उलटा बसवला तर माती मध्यभागी गोळा होते.

चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर असेल तर मापात स्वतःची अक्कल चालवू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेराचे गणित कंपनीने बसवलेले असते. मागे मोठा टायर चढवला आणि पुढचा तसाच ठेवला तर दोन्ही चाके एकमेकांना ओढत राहतात आणि भार गिअरवर येतो. आणि असा ट्रॅक्टर चिखलात कधीच अडकत नाही, असेही कोणी समजू नये. तो अडकतो तेव्हा चारही चाकांनी अडकतो.

टायर कितीही चांगला असला तरी हवा चुकली की पैसे वाया गेले. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांना वर्षभर एकाच मापाची हवा असते, आणि तीही जास्त. जास्त हवेने टायर टम्म फुगतो, जमिनीला त्याचा मधलाच भाग लागतो आणि चाक जागच्या जागी फिरते. शेतकामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. ट्रॉलीच्या वाहतुकीला ती वाढवावी लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ती पुस्तिका कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली असते, ती काढून घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावी. हवा मोजायचे छोटे यंत्र फार महाग नाही, ते घरी असावे.

चाक किती घसरते हे मोजायची एक सोपी रीत आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचलून, त्याच रानात चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. समजा ते ४० मीटर आले. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेरे चालवा. आता अंतर ३४ मीटर भरले तर ६ मीटर, म्हणजे शंभरास १५ इतके चाक घसरले. १० ते १५ पर्यंत ठीक. २० च्या पुढे गेले की डिझेल चिखलात ओतल्यासारखेच आहे. अशा वेळी हवा पाहावी, अवजाराची खोली कमी करावी. तरीही फरक पडला नाही तर रान अजून तयार नाही असे समजून परत यावे.

रान तयार आहे की नाही हे पाहायला वापशाची जुनीच परीक्षा आहे. चार बोटे खोलीची मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळा. सुतळीसारखी बारीक वळी न तुटता तयार झाली तर त्या दिवशी ट्रॅक्टर घालू नका. ओल्या काळीत चाक गेले की खालचा थर दाबून घट्ट होतो आणि मुळ्या तिथे अडतात. पुढे पिकात चाकोरीच्या ओळी खुरटलेल्या दिसतात, त्या यामुळेच.

काही जण पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरात पाणी भरतात. रीत चुकीची नाही. १३.६-२८ मापाच्या टायरात पाऊण भागापर्यंत सुमारे २०० लिटर पाणी मावते, म्हणजे एका चाकावर २०० किलो वजन वाढते. उन्हाळ्यात कोरड्या रानात नांगरटीला त्याचा उपयोग होतो. ओल्या काळ्या रानात मात्र तेच वजन चाकाला खाली बसवते. म्हणून नांगरटीचे पाणी पेरणीआधी काढावे.

दुधाची पिकअप किंवा जीप असेल तर आधी आपली पाणंद ओळखावी. वर वीतभर चिखल आणि खाली मुरमाचा टणक थर असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो आणि चालतो. खाली तळच नसेल, नुसती खोल काळी असेल, तर अरुंद टायर सुरीसारखा आत जातो; तिथे थोडा रुंद टायर आणि कमी हवा बरी. बरेच जण शेजाऱ्याने रुंद टायर टाकले म्हणून आपणही टाकतात. शेजाऱ्याची पाणंद निराळी असते. माप बदलले तरी टायरची भार झेलण्याची ताकद गाडीबरोबर आलेल्या टायरापेक्षा कमी नसावी. ती बाजूवर आकड्यांत लिहिलेली असते.

टायर नवे आहेत की दुकानात पडून राहिलेले, हे तिथल्या चार आकडी शिक्क्यावरून कळते. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते जोर असलेल्या चाकांना, म्हणजे पिकअपच्या मागच्या चाकांना घालावेत. एकाच आसावर एक रेडियल आणि एक साधा असे कधीही बसवू नयेत. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. चिखलासाठी एवढ्यावर थांबणे परवडत नाही. निम्मी नक्षी झिजली की पावसाळ्यापूर्वी बदलावे. रिमोल्ड टायर ट्रॉलीला चालतील, पण माणसे बसतात त्या गाडीच्या पुढच्या चाकांना नकोत.

आता रुतल्यावर काय करायचे ते सांगतो, आणि हे घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांच्या आयांनी, ऐकावे. चाक जागेवर फिरू लागले की पहिली गोष्ट म्हणजे पाय काढावा. जोर देत राहिले की चाक आपला खड्डा आपणच खोदते. गाडीवरून माणसे उतरवावीत, माल खाली घ्यावा. पिकअपच्या टायरातली चौथाई हवा काढली तर बहुधा ती निघते. मात्र हळू चालवावी आणि डांबरीवर जाण्याआधी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी पायपंप गाडीतच ठेवावा.

ट्रॅक्टर असेल तर ट्रॉली सोडावी, अवजार उचलावे, चाकाच्या मागची माती खोऱ्याने ओढावी, तिथे दगड, तुराट्या, पऱ्हाट्या घालाव्यात आणि मागच्या गिअरवर सावकाश बाहेर यावे. पुढे जोर लावणे शक्यतो टाळावे. रुतलेल्या मागच्या चाकाला ओंडका किंवा मेढ साखळीने बांधून पुढच्या गिअरवर जोर देण्याची पद्धत खेडोपाडी आहे. ती जीव घेणारी आहे. ओंडक्याने चाक अडले की इंजिनाचा जोर चाकाला फिरवू शकत नाही. मग तो ट्रॅक्टरचे धूडच उचलतो. पुढची चाके हवेत जातात आणि पापणी लवायच्या आत ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. क्लचवर पाय न्यायलाही वेळ मिळत नाही.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर ओढणाऱ्याची साखळी खालच्या ओढदांडीलाच अडकवावी. वर, अवजाराच्या मधल्या जोडाला अडकवली तर तोही तसाच मागे उलटू शकतो. तारेचा दोर तुटला की चाबकासारखा फिरतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. गाडी रुतली की निम्मे गाव आणि सगळी पोरे बघायला जमतात, त्यांना आधी बांधावर पाठवावे आणि मग साखळी ताणावी. गाडी निघाल्यावर चाकाने पाडलेला खड्डा तसाच सोडू नये. त्यात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी तिथेच बसते. माळावर मुरूम आहे. वापसा आला की दोन ट्रॉल्या आणून त्या जागी टाकाव्यात आणि पाण्याला कडेने चारी काढून द्यावी.