समुपदेशकाचा पगार म्हणजे वरखर्च नव्हे

मानसिक आरोग्याच्या कामासाठी निधी मागायला गेलेल्या संस्थांना एक उत्तर हमखास मिळतं : "औषधं घ्या, गाडी घ्या, खोली बांधा, त्याला पैसे देऊ. पगाराला मात्र नाही." देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपला पैसा कार्यालयात मुरू नये, लोकांपर्यंत पोचावा, ही त्याची काळजी रास्तच आहे. पण वस्तीवर, पाड्यावर जाऊन केलेल्या या कामात यंत्र नसतं, शस्त्रक्रिया नसते. प्रशिक्षण घेतलेलं एक माणूस दुसऱ्या माणसासमोर वेळ काढून बसतं, हेच तिथले उपचार. त्याचा पगार कापला की उपचारच कापले जातात.

ही कात्री बहुतेकदा नियमांचा हवाला देऊन चालवली जाते, आणि तो हवाला अर्धवट असतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला. संस्थेने प्रकल्पावर नेमलेल्या माणसांचे पगार तिच्यात येत नाहीत. परदेशी निधीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, अधिक कडक आहे. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. तरीही त्याच कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार उदाहरणादाखल नोंदवून प्रशासकीय खर्चातून वगळले आहेत, कारण ते संस्थेच्या मूळ उद्दिष्टावरचे खर्च आहेत. समुपदेशकाचं मानधन याच प्रकारात मोडतं, असं माझं मत आहे. म्हणून अंदाजपत्रकात ते 'कर्मचारी' या एका ओळीत कोंबू नये. 'समुपदेशन सेवा' असं स्वतंत्र सदर करावं, त्याखाली समुपदेशकांचं मानधन, पाड्यांवर जाण्यायेण्याचा खर्च, मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटी आणि आठवड्याची केस-चर्चा अशा ओळी लिहाव्यात. अर्ज पाठवण्याआधी आपल्या सीएला ते दाखवून घ्यावं.

एफसीआरएच्या त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट अजून अनेकांच्या लक्षात आलेली नाही. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घ्यायचा आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थांना वाटून द्यायचा, हा जुना रस्ता आता बंद आहे. अशा निधीवर भागीदारी आखली असेल तर ती मुळातून बदलावी लागते.

मानसिक आरोग्य सीएसआरमध्ये बसतच नाही, असंही ऐकू येतं. बसतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसह आरोग्यसेवा आहे, आणि 2019 पासून आपत्ती व्यवस्थापन व पुनर्वसनही आहे. संस्थेकडे प्राप्तिकराच्या 12 ए व 80 जी नोंदण्या आणि सीएसआर निधीसाठीची सीएसआर-1 नोंदणी मात्र हवी.

"स्वयंसेवक आहेत ना, मग पैसे कशाला?" या समजुतीने जितकं नुकसान केलं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. नाशिक जिल्ह्यात 2013 मध्ये 'आत्मीयता' हा कार्यक्रम सुरू झाला, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राकडून. गावातल्याच माणसांनी गावातल्याच खचलेल्या माणसाला ओळखायचं, त्याच्याशी चार ते सहा वेळा ठरलेल्या पद्धतीने बोलायचं, मोबाइलवर छोटे चित्रपट दाखवून नवऱ्याची दारू, घरातली मारहाण, बेकारी असे विषय काढायचे, पेन्शनचा किंवा रेशनचा अर्ज अडला असेल तर तोही मार्गी लावायचा, आणि आजार गंभीर दिसला तर सरकारी दवाखान्यात न्यायचं. काम करणारे स्वयंसेवक होते, पण कार्यक्रम फुकटात झाला नाही. ग्रँड चॅलेंजेस कॅनडाने त्याला अनुदान दिलं होतं. प्रशिक्षण, फोन, देखरेख करणारी माणसं, यातलं काहीच स्वयंस्फूर्तीने उगवत नाही. पुढे हा कार्यक्रम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सामुदायिक सेवांच्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याची नोंद घेतली. देखरेख लागते ती यासाठी : दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्या स्वयंसेवकाला स्वतःचं मन मोकळं करायला अनुभवी माणूस लागतो. असा माणूस मिळाला नाही तर स्वयंसेवक थकतो, टाळाटाळ करू लागतो, आणि देणगीदाराला वाटतं की लोकांत चिकाटी नाही.

फक्त मानसोपचारतज्ज्ञच हे काम करू शकतो, असं मानणारेही पुष्कळ आहेत. पण गोव्यात 'संगथ' या संस्थेने बिगर-डॉक्टर समुपदेशकांकडून उपचार करवून ते परिणामकारक ठरतात हे शास्त्रीय चाचण्यांतून दाखवलं. त्याच संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प राबवला, टाटा ट्रस्टच्या पैशातून. गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि ठरावीक दिवशी येणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांची झळ सोसलेल्या भागातला हा आकडा आहे, आणि तो शिबिरांमुळे आलेला नाही.

परिणाम मोजता येत नाही, हा आक्षेपही टिकत नाही. पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली मोफत वापरता येते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल : झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का, मरणाचे विचार येतात का. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पहिल्या भेटीत भरायची, काही आठवड्यांनी पुन्हा भरायची. अहवालात 'अमुक शिबिरं, तमुक लाभार्थी' लिहिण्यापेक्षा किती जणांचे गुण किती उतरले हे लिहिलेलं कितीतरी प्रामाणिक. मात्र मरणाच्या विचारांबद्दलच्या उत्तराला शून्याहून जास्त गुण आले तर त्याच दिवशी काय करायचं, कुणाला कळवायचं, हे आधी ठरवल्याशिवाय प्रश्नावली हातात घेऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवा.

आपत्तीनंतरच्या निधीत मात्र गैरसमज सरळ माणसांच्या अंगावर येतो. 1993 चा किल्लारीचा भूकंप, 2014 ची माळीणची आणि 2023 ची इर्शाळवाडीची दरड. अशा वेळी मदतीचा लोंढा पहिल्या काही आठवड्यांत येतो. त्यातून 'आघातमुक्ती शिबिरं' उभी राहतात आणि वाचलेल्यांना बसवून घडलेलं सगळं सांगायला लावलं जातं. बोललं की मन हलकं होतं, ही धारणा इथे चुकते. ताज्या आघातानंतर असं एका बैठकीत सगळं उकरून काढणं जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. तिने 2011 मध्ये इतर संस्थांसोबत काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका वेगळंच सांगते : सुरक्षितता द्या, पाणी-निवारा बघा, बेपत्ता नातलगाचा शोध लावून द्या, बोलायचं असेल तर ऐका, बळजबरी करू नका. बहुतेक जण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. ज्यांचं झोप उडणं, दचकणं, घडलेलं पुन्हापुन्हा दिसणं महिना उलटूनही थांबत नाही, त्यांना खरे उपचार लागतात. तोवर शिबिरवाले निघून गेलेले असतात आणि निधीही संपलेला असतो.

"सीएसआरचा पैसा वर्षातच संपवावा लागतो, आमचा नाइलाज आहे," असं अशा वेळी सांगितलं जातं. नियम तसा नाही. कंपनीने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि त्यासाठीची न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची सोय आहे. अर्जातच ही मागणी करावी. पहिलं वर्ष गावाचा विश्वास मिळवण्यात आणि माणसं तयार करण्यात जाईल, हे त्यात स्पष्ट लिहावं, आणि त्या वर्षाचे पगार पूर्ण मागावेत.