मोटार क्लबांची संलग्नता

मोटारगाडीच्या हौशी चालकांनी स्थापन केलेल्या क्लबाने मोटार क्रीडेचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे सदस्यत्व स्वीकारणे, यास संलग्नता असे म्हणतात. वेग, रस्ता आणि प्रेक्षक हे तिन्ही या क्रीडेत एकत्र येत असल्यामुळे तिच्यातील धोका केवळ स्पर्धकापुरता मर्यादित राहत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीलाही तो पोहोचतो. म्हणून परवानगी, विमा, नियम व न्यायनिवाडा यांचा भार एकट्या क्लबाला पेलणे कठीण असते. हा भार विभागून घेणारी व्यवस्था म्हणजे संलग्नता होय. ब्रिटनमध्ये ही व्यवस्था विशेष विकसित झालेली असल्याने तिचे स्वरूप तेथील उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्रारंभीच्या शर्यती गावोगावच्या खुल्या रस्त्यांवरून होत. मे १९०३ मधील पॅरिस–माद्रिद शर्यतीत स्पर्धक व प्रेक्षक अशा अनेकांचे मृत्यू झाल्याने फ्रेंच शासनाने ती बॉर्दो येथेच थांबविली. पुढील वर्षी, १९०४ मध्ये, विविध देशांतील मोटार क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना पॅरिस येथे स्थापन झाली. १९४६ पासून ती ‘फेदेरास्याँ आँतेर्नास्योनाल द लोतोमोबील’ (एफआयए) या नावाने ओळखली जाते. क्रीडाविषयक अधिकार ती प्रत्येक देशातील एका राष्ट्रीय संस्थेकडे सोपविते. ब्रिटनमध्ये हे कार्य १८९७ मध्ये स्थापन झालेल्या व १९०७ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळालेल्या ऑटोमोबाइल क्लबाकडे होते. पुढे त्यासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. २०१९ पासून ते ‘मोटरस्पोर्ट यूके’ या नावाने कार्य करते. या मंडळाशी शेकडो स्थानिक क्लब संलग्न आहेत.

कायदेशीर मान्यता : संलग्नतेचा पहिला लाभ कायद्याशी निगडित आहे. ब्रिटनमधील १९८८ च्या रस्ता वाहतूक अधिनियमानुसार सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. शर्यत नसलेल्या, म्हणजे मार्गशोधन किंवा वेळेची अचूकता अजमावणाऱ्या स्पर्धांनाही सामान्यतः पूर्वमान्यता लागते. १९६९ च्या नियमांनी ही मान्यता देण्याचे काम राष्ट्रीय क्रीडासंस्थेकडे सोपविले. बारापेक्षा अधिक वाहने नसलेल्या साध्या स्पर्धांना त्यातून काही अटींवर सूट मिळते. मात्र तेरावी गाडी येताच ती सूट संपते. रस्ता बंद करून शर्यत घ्यावयाची, तर पूर्वी संसदेचा स्वतंत्र अधिनियम आवश्यक असे. बर्मिंगहॅम शहरातील १९८६–९० या काळातील शर्यती अशाच अधिनियमान्वये झाल्या. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत बदलली. क्रीडासंस्थेची अनुज्ञा व स्थानिक रस्तेप्राधिकरणाची संमती मिळाल्यास रस्ता बंद करून स्पर्धा घेणे तेव्हापासून शक्य झाले. २०१८ मध्ये चेल्म्सफर्ड येथील मोटार क्लबाने क्लॅक्टन परिसरात या तरतुदीखाली रॅली भरविली. स्वतःच्या बळावर संसदेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या क्लबांना हा मार्ग अशा रीतीने खुला झाला.

विमा व दायित्व : अनेक छोटे क्लब नोंदणीकृत कंपनीच्या स्वरूपात नसतात. त्यांना स्वतंत्र विधिमान्य अस्तित्व नसल्याने अपघातातून उद्‌भवणाऱ्या नुकसानभरपाईचे दायित्व पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः येऊ शकते. हौसेने चिटणीसपद स्वीकारलेल्या एखाद्या सदस्याचे राहते घरही त्यामुळे धोक्यात येऊ शकते. संलग्न क्लबाने स्पर्धेचा परवाना घेतला, की त्रयस्थ व्यक्तींच्या हानीसाठीचा विमा सामुदायिक विमापत्रातून मिळतो. शेकडो क्लबांचा धोका एकत्र आल्याने हे संरक्षण परवडणाऱ्या दरात उपलब्ध होते. परवान्यातील अटींचे पालन करणे मात्र आवश्यक असते.

नियम, अधिकारी व न्यायनिवाडा : राष्ट्रीय संस्थेची नियमावली सर्व संलग्न क्लबांना समान लागू असते. वाहनातील संरक्षक पिंजरा, आसनपट्टे, शिरस्त्राण, अग्निशामक साधने इत्यादींचे निकष तीत निश्चित केलेले असतात. त्यामुळे एका क्लबाच्या स्पर्धेसाठी सिद्ध केलेली गाडी त्याच प्रकारच्या दुसऱ्या स्पर्धेतही चालते. स्पर्धासंचालक, वाहनतपासनीस, कालमापक व मार्गावर निशाणे दाखविणारे मार्शल यांच्या प्रशिक्षणाची सोय संस्था करते. यांपैकी बहुतेक स्वयंसेवक असल्याने क्लबाला एरवी असे प्रशिक्षण देणे शक्य नसते. निकालाबाबत वाद उद्‌भवल्यास प्रथम स्पर्धेचे पर्यवेक्षक निर्णय देतात आणि त्यानंतर राष्ट्रीय न्यायमंडळाकडे अपील करता येते. क्लबाच्या सदस्यांनाच आपल्या मित्राविरुद्ध अखेरचा निवाडा देण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

सुरक्षितता : संलग्नतेमुळे अपघात टळतीलच, असे नाही. स्कॉटलंडमधील जिम क्लार्क रॅली ही रीतसर अनुज्ञा असलेली स्पर्धा होती. तरीही ३१ मे २०१४ रोजी तीत झालेल्या अपघातात तीन व्यक्तींचा मृत्यू झाला. त्याआधी २०१३ मध्ये स्नोमॅन रॅलीत एका प्रेक्षक महिलेचा मृत्यू झाला होता. या दोन्ही घटनांची एकत्रित न्यायालयीन चौकशी झाली. प्रेक्षकांसाठी निषिद्ध जागांची आखणी, मार्शलांची नेमणूक व त्यांचे प्रशिक्षण यांचा विचार तीत करण्यात आला. एकाकी क्लबाचा असा कटू अनुभव त्याच्यापुरताच राहण्याचा संभव असतो. मध्यवर्ती संस्था असल्यास त्यातून निघालेले नियम देशातील प्रत्येक रॅलीला बंधनकारक करता येतात. संलग्नतेचे सर्वांत मोठे मोल येथेच दिसून येते.

मर्यादा : संलग्नतेबरोबर वार्षिक शुल्क, परवानाशुल्क आणि कागदपत्रांचा व्याप येतो. स्पर्धेची रूपरेषा ठरविण्याचे क्लबाचे स्वातंत्र्यही काहीसे मर्यादित होते. रस्त्याबाहेरील स्पर्धांना मान्यता देणाऱ्या अन्य संस्थाही ब्रिटनमध्ये असल्याने अशा क्लबांना पर्याय राहतो. केवळ जुन्या मोटारींची प्रदर्शने वा सहली योजणाऱ्या क्लबाला संलग्नतेची निकड कमी भासते.

भारत : भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. नावाप्रमाणेच ती मूलतः क्लबांचा संघ आहे. त्यापूर्वी मुंबईतील जुहू आणि मद्रासजवळील (आता चेन्नई) शोलावरम येथील धावपट्ट्यांवर शर्यती होत असत व त्या स्थानिक क्लब भरवीत. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब या जुन्या संस्थेने पुढे इरुंगट्टुकोट्टै येथे कायम स्वरूपाचा शर्यतमार्ग उभारला. तो १९९० मध्ये खुला झाला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत वा वेगचाचणी घेणे दंडनीय आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील स्पर्धांना मान्यता देण्याचा अधिकार कायद्याने क्रीडासंस्थेकडे सोपविलेला आहे, तर भारतात ही संमती शासनाने द्यावयाची असते. येथील क्लबाला म्हणूनच क्रीडासंस्थेच्या परवान्याबरोबर शासनाची अनुमतीही स्वतंत्रपणे मिळवावी लागते.