पिशवीचे ऑपरेशन : वाट कोणती?

उसाच्या पानात हा विषय कुठून आला, असे वाटेल. पण गटात फिरताना ‘घरच्या बाईची पिशवी काढाची आहे साहेब, तोडणीची तारीख मांगंपुढं होईल का?’ असे विचारणारे भेटतातच. ऑपरेशन कोणत्या पद्धतीने, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसते.

वाटा तीन. पोटावर चिरा देऊन. खालून, म्हणजे योनिमार्गाने. किंवा पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने. कर्करोग नसेल आणि जमण्यासारखे असेल, तर खालची वाट पहिली, ती जमत नसेल तर दुर्बीण आणि चिरा शेवटी, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. चिरा दिला की कामाला लागायला सहा ते आठ आठवडे जातात. बाकी दोन्हींत बाई लवकर हिंडू-फिरू लागते. रोवणीच्या तोंडावर हा फरक थोडाथोडका नव्हे. तरी भरली घागर किंवा भारा पहिले सहा आठवडे उचलू देऊ नका, वाट कोणतीही असो.

अंग बाहेर येत असेल तर खालून काढणे सोयीचे. पिशवी गाठींनी फार वाढली असेल, आधीच्या सिझरमुळे आत चिकटले असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर चिरा लागू शकतो. दुर्बीण नवी म्हणून चांगलीच, असेही नाही. तिच्यात लघवीच्या नळीला इजा होण्याचा धोका थोडा अधिक. डॉक्टरांचा हात कशात बसला आहे, हे खुशाल विचारा. अंडाशय ठेवणार की काढणार, हेही विचारा. तरुणपणी ती काढली तर पाळीबरोबर हाडांचा कसही लवकर जातो.

त्याआधीचा प्रश्न, काढायचीच का? 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीला बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक! धंदा आपलाच, उसाचा. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये बजावले. नुसते अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, औषधी तांबी आहे. पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यासाठी कुणी पिशवी काढा म्हणाले, तर आधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तोडणीच्या तारखेचे म्हणाल, तर ऑपरेशन ठरताच गट कार्यालयात चिठ्ठी द्या. बाईला घाईने रजा घेऊन फडावर आणू नका.